बिब्ब्याचा डाग

नामदेवरावांच्या हातातून पितळी तांब्या सुटला तेव्हा रसिका खाली वाकली, म्हणून वाचली. तांब्या भिंतीवर आपटून उसळला आणि दारात उभ्या असलेल्या अनुराधाबाईंच्या भुवईवर बसला. रक्त पापणीवरून डोळ्यात उतरलं. त्यांनी पदराचा बोळा भुवईवर दाबला, उरलेल्या एका डोळ्यानं नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नेम सुनेवर धरता आणि लागतो बायकोला. वय झालं हो तुमचं."

"माझ्या पायाशी काय करत होती ती? विचार तुझ्या पुण्याच्या सुनेला!" नामदेवराव गुरगुरले.

ते पाटावर बसले होते. उजवा पाय डाव्या मांडीवर घेतलेला, बोटांत दाढीचं अर्धं ब्लेड. टाचेला कुरूप झालं म्हणून दर रविवारी आंघोळ झाली की ते असे बसत आणि कातडीच्या कपच्या काढत. सुरण सोलावा तशा कपच्या वर्तमानपत्रावर पडत. रक्त आलं तरी हात थांबत नसे. रक्त आलं म्हणजे मूळ जवळ आलं, असं त्यांचं शास्त्र. आणि थंडी पडली की वर बिब्बा. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की टाचेवर टेकवायचा. चर्र व्हायचं, कातडी जळायची, काळा डाग पडायचा. त्यांच्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. त्यामुळे नामदेवरावांच्या टाचेवर काळं दिसलं तर घरात कुणी दुसऱ्यांदा बघत नसे. बिब्ब्याचा डाग, संपलं.

बघितलं ते रसिकानं. रसिका म्हणजे मुलाची, श्रीकांतची बायको. श्रीकांत कामासाठी बंगळुरूला, आणि ही इथे हायटेक सिटीत, कातडीवरचे डाग न कापता ओळखायचं भिंग बनवणाऱ्या कंपनीत. कुंकवाच्या करंड्याएवढं ते भिंग तिच्या पर्समध्येच असे. कडेनं बारीक दिवे. मोबाइलला लावून कातडीवर टेकवलं की वरची चकाकी मरायची आणि आतला रंग दिसायचा. विहिरीवरचं ऊन हटलं की तळ दिसतो, तसं. सासूच्या मानेवरचा तीळ बघून झाला होता, दूधवाल्याचा चामखीळ बघून झाला होता. त्या रविवारी तिनं न विचारता ते सासऱ्याच्या टाचेला टेकवलं आणि पुढचा तांब्या ओढवून घेतला.

"आई, टाके घालावे लागतील," रसिका म्हणाली.

"हळद भर. भरून येतं. माझं अंग गाढवाचं आहे."

"आणि बाबांचं ते... तुम्ही कपच्या काढता ना बाबा, तरी काळं खाली उरलंच आहे. मी डॉक्टर नाही, पण हे मोठ्या यंत्राखाली दाखवायला हवं. कॅन्सर पायालाही होतो."

"तुझ्या जिभेला होवो," नामदेवराव म्हणाले आणि पुढची कपची काढली.

नामदेवराव कोर्टात अमीन होते. हुकूम घेऊन जायचं, कुलूप फोडायचं, माणसांची भांडीकुंडी रस्त्यावर फेकायची, हे काम. दार उघडलं नाही तर ते उजव्या पायानं उघडायचे. अफझलगंजात एका दुकानाची सागवानी फळी एका लाथेत मोडली, ही गोष्ट ते जेवताना चवीनं सांगत. नोकरी संपली. लाथ राहिली.

आणि ती लाथ घरातही पडते, हे अख्ख्या अंबरपेठेत कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ दिलं नव्हतं ते अनुराधाबाईंनी. बाईचा तोरा असा, की नाकावर बसायला माशी परवानगी मागेल. भाजीवाला त्यांच्या दारात तराजू नीट धरी. हळदीकुंकवाला बायका पाडव्याच्या गोष्टी काढत, नवऱ्यानं काय घातलं ओवाळणीत, आणि मग कुणीतरी हळूच म्हणे, "अनुराधाताई नुसतं ओवाळतात. पाया पडत नाहीत."

"देवाच्या पडते, आईबापाच्या पडले. आता वाकायला जागा शिल्लक नाही," अनुराधाबाई म्हणत, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत. काय ही बाई! आणि काय तो नवरा, एवढा अमीन, पण हिच्यापुढे मांजर!

लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला अनुराधाबाई वाकल्या होत्या. मेहुणीसमोर काहीतरी बोलल्याचा राग नामदेवरावांच्या मनात होता. पायाशी आलेल्या डोक्याला त्यांनी पायानंच उडवलं. निरांजन हातावर सांडून मनगट भाजलं. त्या दिवसापासून अनुराधाबाईंनी त्या पायाला बोट लावलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माज म्हणून खपत होतं तर खपू दे. मार खाणारी म्हणून कीव घेण्यापेक्षा माजोरी म्हणून शिव्या घेतलेल्या काय वाईट? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण तो पाय त्यांना जेवढा ठाऊक होता तेवढा तो ज्याचा होता त्यालाही नव्हता. दर रविवारी पाय मांडीवर घेऊनही नामदेवराव कुरूपापलीकडे बघत नसत. अनुराधाबाईंनी तो खालून बघितला होता.

आषाढातली गोष्ट. बोनालूचा दिवस. गल्लीतून डोक्यावर बोनम, म्हणजे देवीच्या नैवेद्याचं मडकं, घेतलेल्या बायका चालल्या होत्या, पुढे हळद माखलेला पोतराजू चाबूक फोडत नाचत होता, आणि ढोल असे की छातीतलं पाणी हलावं. घरी नामदेवरावांचे जुने कोर्टातले दोस्त आले होते. त्यातला एक हसत म्हणाला, "अमीनसाब, घर में किसका हुकुम चलता?" अनुराधाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कोर्टात यांचा चालायचा. इथं अपील माझ्याकडे!" सगळे खो खो हसले. नामदेवरावही हसले. दोस्त मिरवणूक बघायला बाहेर पडले, रसिकाही गेली. मग नामदेवरावांनी पाय धुतले, स्वयंपाकघरात आले आणि आतून कडी घातली.

पहिली लाथ बरगडीत. त्या पिठाच्या डब्यावर पडल्या, डबा कलंडला, पीठ फुफाट्यासारखं उडालं. दुसरी पोटात. वेणी धरून त्यांना सरळ केलं, पाठीवर पाडलं आणि छातीवर पाय दिला. बाहेर ढोल. त्यांनी किंचाळी मारली असती तरी ढोलाच्या खाली गेली असती, पण त्यांनी मारली नाही. तोंडात रक्ताची चव होती आणि वर ट्यूबलाइट. मग तो पाय छातीवरून उचलला गेला आणि तोंडावर थांबला. ओला, पिठानं कडा माखलेला, पाणी ठिबकत होतं. आणि टाचेच्या आतल्या अंगाला एक काळा ठिपका. मसुराएवढा. शाई टिपकागदावर सांडावी तशा फुटलेल्या कडा. मरणाच्या भयातही माणूस काय बघेल सांगता येत नाही. अनुराधाबाईंना वाटलं, बिब्ब्याचा हिवाळा तर कधीच गेला, हे काय नवीन?

मग टाच खाली आली.

रसिका परतली तेव्हा ओट्याला टेकून त्या पीठ चाळत होत्या. "न्हाणीत घसरले," म्हणाल्या. रसिका एक्स-रेला घेऊन गेली. दोन बरगड्यांना चीर होती आणि पुढचा दात हलत होता. डॉक्टरनं विचारलं तेव्हाही न्हाणीच.

आता पौष होता. तांब्याची जखम भुवईवर काळीनिळी होऊन बसली होती, आणि नामदेवरावांना टाच टेकवत नव्हती. दारापर्यंत जायचे ते भिंतीला धरून. रसिकानं पुन्हा विषय काढला, या वेळी खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभं राहून. "कापत नाहीत बाबा. सुई नाही, ब्लेड नाही. नुसता उजेड टाकून बघतात."

"नुसता उजेड?"

"नुसता उजेड."

"घाबरले असतील," अनुराधाबाई आतून म्हणाल्या. "दुसऱ्याची दारं फोडणाऱ्याला आपलं दार उघडायची भीती."

झालं. ते ऐकून नामदेवराव कोठीच्या दवाखान्यात आले. जिना चढताना तीनदा थांबले, आणि पुढ्यात आलेल्या माणसाला कोपरानं भिंतीवर ढकललं.

डॉक्टरीण प्रियदर्शिनी तेलुगू, मराठी समजायची, पण बोलत होती दखनी, आणि ती बोली अनुराधाबाईंना आईच्या दुधाइतकी जवळची. "काटती नै मैं, अंकल. लेटो. बस, लाइट है."

"मैं किसी के बाप से नै डरता," नामदेवराव म्हणाले, आणि खाटेची लोखंडी कड मुठीत धरून आडवे झाले.

यंत्राचा लांब हात टाचेवर आला. पडद्यावर टाच उमटली, एवढी मोठी की नांगरलेलं शेत वाटावं. उंच वरंबे, खोल सऱ्या, मध्ये ब्लेडनं उकरलेले खड्डे, आणि सगळ्यावर काळं. डॉक्टरणीनं पडद्यावरचं चित्र थांबवलं. मग तिनं सासू-सुनेला जवळ बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवून समजावलं. तळपायावर साधा तीळ असला की काळं सऱ्यांमध्ये बसतं. वाईट असला की वरंब्यांवर चढतं. इथं ते वरंब्यांवर आहे.

"म्हणजे तेच?" रसिकानं विचारलं.

"रुको. इनो भिलावां लगाते न?" डॉक्टरीण म्हणाली. भिलावां म्हणजे बिब्बा. वरून लागलेला रंगही आधी उंचवट्यालाच लागतो, म्हणून बिब्ब्याचं काळंही वरंब्यांवरच दिसतं. त्यात ब्लेडनं आणि जाळून सगळं विस्कटून ठेवलेलं. भिंग दोन्ही सारखंच दाखवतं. आता एकच गोष्ट कळायला हवी. बिब्बा आधी की काळं आधी?

"बिब्बा," नामदेवराव खाटेवरून म्हणाले. "दिवाळीनंतर लावला. त्याच्या आधी टाच आरशासारखी होती."

डॉक्टरीण म्हणाली, मग दीड महिना थांबू. रंग असेल तर कातडीबरोबर झडून जाईल. तोवर ब्लेड नाही, बिब्बा नाही, आणि मग परत उजेडाखाली बघू. डाग बिब्ब्याच्या आधीपासून असता तर एक दिवस थांबले नसते, उद्याच तुकडा काढून तपासायला पाठवला असता.

"सुना क्या?" नामदेवराव उठून बसले, चप्पल शोधू लागले. "रंग आहे. पोरीनं उगाच परेशान केलं."

अनुराधाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना ठाऊक होतं, हा माणूस परत हा जिना चढणार नाही. रेडा एकदा हौदाला बुजला की बुजला. दीड महिना काय, दीड वर्ष जाईल, आणि काळं आत उतरत राहील. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यभर जे केलं तेच. त्यांच्या जिभेवर काहीतरी गोड आलं, खोटं कशाला सांगा. स्वयंपाकघराची आतून न लागणारी कडी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. रात्री पाठ भिंतीला न लावता झोपणं आलं.

मग त्यांना स्वतःचाच राग आला. मारायचंच असेल तर वरवंट्यानं मारीन, म्हणाल्या मनात, असं चोरासारखं नाही.

"आधीपासून होता," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीण वळली. "तुम देखे, अम्मा?"

"हौ. आषाढात. पाय चेपताना."

नामदेवराव आधी थक्क झाले, मग हसू लागले. मांडीवर थाप मारून हसले. "पाय चेपताना! डॉक्टर, ही बाई? अख्ख्या अंबरपेठेला विचारा. पाडव्याला माझ्या पायाला हात लावत नाही ही. एवढा माज! विचारा, सुनेला विचारा!"

डॉक्टरणीनं रसिकाकडे बघितलं. रसिकानं मान खाली घातली. घरात येऊन दुसऱ्याच दिवशी तिला ते सांगण्यात आलं होतं.

"मला कापायला निघालीय," नामदेवराव म्हणाले. "खोटारडी! खानदानी खोटारडी आहे ही."

"अम्मा, सच बोलो," डॉक्टरीण हळू म्हणाली. "इनो वैसाच राजी नै. मैं कैसा काटूँ?"

खोटारडी. तो शब्द अनुराधाबाईंच्या कानात शिरला आणि आत जाऊन काहीतरी फुटलं, पिठाच्या डब्याचं झाकण उडावं तसं.

"हो, खोटारडी," त्या म्हणाल्या. "न्हाणीत घसरले म्हटलं तेव्हा खोटं बोलले. कपाटाचं दार लागलं म्हटलं तेव्हा खोटं बोलले. परवाच्या या भुवईचं खाली नोंदणीला विचारलं तर पायरी सांगितली. तेव्हा नाही म्हणालात तुम्ही मला खोटारडी! तेव्हा मी खानदानी होते."

"तोंड सांभाळ."

"डॉक्टर, लिहून घे. आषाढात, बोनालूच्या दिवशी, मी जमिनीवर पडले होते आणि ही टाच माझ्या तोंडावर होती. एवढी जवळ. पाय धुऊन आले होते, बिब्ब्याचा हिवाळा कधीच गेला होता. आतल्या अंगाला मसुराएवढा काळा ठिपका होता, कडा फुटलेला. मग टाच इथं पडली." त्यांनी ओठ वर करून दात दाखवला. "दसऱ्याला पाठीत बसली तेव्हा दिसली नाही. दिवाळीत परत दिसली. तेव्हा वाटाण्याएवढा झाला होता. बिब्बा त्याच्यानंतर लावला यांनी."

नामदेवराव खाटेवरून सुटले ते स्टूल उलथवतच. पहिली थप्पड भुवईवरच्या जखमेवर पडली आणि टाका न घातलेली जखम उघडली. रसिका मध्ये आली, तिला कोपर बसलं आणि तिचा ओठ फाटला. ट्रे पडला, काचा फुटल्या. "रांड!" ते ओरडले, मागे सरले, खाटेला टेकले आणि तो पाय उचलला. टाच दुखतेय हेही विसरले. दार फोडताना उचलायचे तसाच उचलला, सरळ पोटावर.

अनुराधाबाईंना ती लाथ पाठ होती. कुठून निघते, कधी वळते, सगळं. त्या डावीकडे सरल्या आणि दोन्ही हातांनी पाय धरला. घोटा एका हातात, टाच दुसऱ्यात. मागे खाट, त्यामुळे नामदेवराव पाठीवर आपटले. अनुराधाबाईंनी पाय काखेत दाबला, नवऱ्याच्या गुडघ्यावर बैठक मारली आणि टाच वर केली.

त्यांच्या पाठीवर बुक्के पडू लागले. धपाधप, धोब्यानं धुणं आपटावं तसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार त्यांनी पुष्कळ खाल्ला होता, आज तोंड उघडं होतं. "लाव तुझा दिवा!" त्या ओरडल्या. "बघतेस काय? लाव!" रसिकानं सासऱ्याचा हात धरला, तो आवरेना म्हणून मनगटाला दात लावले, आणि तिच्या ओठाचं रक्त त्यांच्या मनगटावर सांडलं. ते हिसडे देत होते, खाट भिंतीवर आदळत होती.

"हलू नका," अनुराधाबाई म्हणाल्या. श्वास लागला होता, भुवईचं रक्त हनुवटीवरून त्याच पायावर ठिबकत होतं. "सगळा जन्म हा पाय माझ्या अंगावर होता. आता घटकाभर हातात राहू द्या."

डॉक्टरणीनं छोटं भिंग उचललं आणि टेकवलं. मधला उकरलेला भाग सोडून दिला. आता नक्की कुठं बघायचं ते तिला कळलं होतं, आतल्या अंगाला, अगदी कडेला, जिथं ब्लेड पोचलं नव्हतं आणि तेलही लागलं नव्हतं. तिथं पडद्यावर साफ कातडी दिसली, गुलाबी, आणि त्या गुलाबी वरंब्यांवरून काळं चढत चाललेलं, मुंग्यांची रांग बांधावरून जावी तसं.

"ये भिलावां नै," ती म्हणाली.

बुक्के थांबले. नामदेवरावांनी मान उचलून पडद्याकडे बघितलं. आपला तळपाय त्यांनी असा पहिल्यांदाच बघितला असेल. मग मान खाली पडली आणि ते छताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तुकडा काढला, आणि निघालं ते तेच. फार खोल गेलं नव्हतं. दीड महिना थांबलो असतो तर असं म्हणता आलं नसतं, डॉक्टरीण म्हणाली. टाचेचा वाटीएवढा भाग काढून मांडीची कातडी लावली. श्रीकांत बंगळुरूहून आला, आईची भुवई बघितली, बायकोचा ओठ बघितला, आणि बापाच्या खाटेशी बसायचं सोडून गच्चीवर जाऊन उभा राहिला. घरी आल्यावर नामदेवरावांनी चहा गार म्हणून एकदा कुबडी उगारली. अनुराधाबाईंनी ती हिसकून माळ्यावर टाकली. ते न्हाणीपर्यंत सरपटत गेले, दारात आपटले, शिव्या दिल्या, रडले. संध्याकाळी रसिकानं कुबडी काढून दिली. सासूनं नाही.

मग बायका बघायला येऊ लागल्या. शेजारच्या रजनीबाई पेढे घेऊन आल्या. "नशीब हो तुमचं, वेळेवर दिसलं! मी तर म्हणते तुमच्या पुण्याईनंच वाचले. पण अनुराधाताई, तुम्ही तर त्यांच्या पायाला हात लावत नाही. तळपायाचा डाग तुम्हाला दिसला कसा?"

आतल्या खोलीतली खाट करकरली, आणि गप्प झाली.

अनुराधाबाईंनी चहाचा कप पुढे केला.

"लाथ खाताना," त्या म्हणाल्या. "घे, गार होतोय. साखर कमी वाटली तर सांग."